रडवण्याचं काम

त्या सोमवारच्या यादीत माझं शेवटचं काम होतं, जान्हवीला रडवायचं. त्याच्या वरची कामं नेहमीचीच होती. पोषण आहाराची माहिती मोबाइलवर भरायची, वर्गाची किल्ली मुख्याध्यापकांकडे द्यायची, साकोलीची सकाळची एसटी गाठायची, प्रशिक्षणाला वही न्यायची. मी सगळ्याच गोष्टींची यादी करते. घरचे हसतात. मुलगा म्हणतो, आई, श्वास घ्यायचा राहून जाईल, तोही लिहून ठेव. पण एकदा लिहिलं की काम डोक्यात भुणभुण करत नाही, कागदावर गप्प बसून राहतं. गप्प बसून राहणाऱ्या गोष्टींशी माझं लहानपणापासून जमतं. ते कसं जमलं, हे या प्रकरणात लिहायचं आहे, आणि त्यासाठी जान्हवीपासून सुरुवात करावी लागेल, कारण तिच्यामुळेच मला ते सगळं परत पाहावं लागलं.

जान्हवी माझ्या पाचवीच्या वर्गातली. लाखांदूरकडच्या ज्या गावात मी शिकवते, तिथल्या शाळेत तिची आई मुलांसाठी खिचडी शिजवायची. शाळेतल्या प्रत्येक पोराने तिच्या हातचं खाल्लेलं. रोवणीच्या दिवसांत ती कुणाच्या बांधीत धान लावायला गेली, तिथे तिला साप चावला, आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं. तेरवी झाली तशी जान्हवी शाळेत आली. वेण्या घातलेल्या, गृहपाठ केलेला, पाढे पाठ. कुणाशी भांडली नाही, जेवली, दोन-तीनदा हसलीसुद्धा. जेवणाच्या सुट्टीत ताटं मांडायचं काम तिने आपणहून घेतलं, आणि ती ताटं अशी मांडायची, जशी दोरी धरून रांग आखलेली. सगळे म्हणाले, पोरगी समजदार आहे. फक्त दोन गोष्टी होत्या. ती स्वयंपाकाच्या खोलीचा उंबरठा ओलांडत नव्हती, आणि ती रडली नव्हती. आईला नेलं तेव्हा नाही, तेरवीला नाही, त्यानंतरही नाही.

प्रशिक्षणाला निघायच्या आधी तिची आजी शाळेत आली. वर्गाच्या दारात चप्पल काढून उभी राहिली. मी म्हटलं, आत या. ती आली नाही, दारातूनच बोलली.

"मॅडम, पोरगी रडलीच नाई जी. आमी सारे करून पाह्यलं. तिच्या समोर तिच्या मायचा फोटो ठेवला, तं तिनं पुसला अन् खिळ्याले लावला. अशानं मानूस आतल्या आत सडते. तुमचं आयकते थे. तुमीच रडवून द्या तिले."

"आजी, असं कुणाला रडवता येतं का?"

"तुमी शिकलेल्या हात, तुमाले येत असन. नाई तं येत्या शनवारी तिचा बाप नेतो म्हनते तिले भगताकडं. बाहेरचं काई असन तं उतरवून आनू. दोन झाडू मारले की रडनच."

शेवटचं वाक्य ती सहज बोलली, जसं ताप आहे तर गोळी देऊ म्हणावं तसं. मी म्हटलं, पाहते. आणि यादीत लिहिलं. योगायोग असा की प्रशिक्षणाचा विषयच होता, मुलांचं मानसिक आरोग्य आणि शिक्षक. आठवडाभर तेच शिकायचं होतं. शिकून येईन, शनिवारच्या आत करून टाकीन, असा माझा सरळ हिशेब होता.

साकोलीच्या त्या सभागृहात निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पंखे होते, आणि चहात साखर जास्त होती. तीन तालुक्यांतले शिक्षक. माझ्या शेजारी मेश्राम सर बसले. आम्ही डी.एड.ला एका तुकडीत होतो, त्यामुळे ते मला अजून 'वंदे' म्हणतात. सही करता करताच त्यांचं सुरू झालं.

"वंदे, आधी इलेक्शन आपल्याकडं, मंग जनगणना आपल्याकडं, मंग संडास मोजाचे थे आपल्याकडं. आता मन बी आपल्याकडंच आलं बापा. मनाचा रकाना कोनत्या अ‍ॅपात भराचा हाये, थे विचार त्या मॅडमले."

त्या मॅडम म्हणजे नागपूरहून आलेल्या समुपदेशक, सायली मॅडम. माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी हे ऐकलं होतं, आणि हसत म्हणाल्या, "सर, अजून अ‍ॅप आलं नाही. तोवर कागदावर करू." मेश्राम सर त्या क्षणापासून त्यांच्या बाजूचे झाले.

दुसऱ्या दिवशी विषय निघाला, घरात मृत्यू झालेलं मूल. सायली मॅडमनी विचारलं, असं मूल वर्गात आलं तर तुम्हाला काय दिसेल? सगळे सांगू लागले. रडेल, जेवणार नाही, मारामारी करेल, मागे पडेल, अंथरुणात लघवी करेल, पोट दुखतं म्हणून घरी जायला मागेल. त्या सगळं फळ्यावर लिहीत गेल्या आणि सगळ्यात खाली स्वतः लिहिलं, 'काहीच दिसणार नाही'. म्हणाल्या, काही मुलं जास्तच नीट वागायला लागतात. कामं अंगावर घेतात. मोठ्यांना बरं वाटतं, की याचं दुःख संपलं.

"मॅडम, असं लेकरू भेटलं तं देव पावला," मेश्राम सर म्हणाले, आणि सभागृह हसलं.

"कुणाच्या पाहण्यात आहे असं मूल?"

मी हात वर केला. माझ्या डोक्यात जान्हवी होती, तिची सरळ रांगेतली ताटं होती. पण हात वर जाताना मला कोसा उकळल्याचा वास आला. तिथे कुठे कोसा असणार? बाहेर पकोडे तळत होते. तरी वास कोशाचाच होता. मी हात खाली घेतला.

आमचं घर आंधळगावचं. पुढच्या खोलीत माग होता. त्यासाठी जमिनीत खड्डा, खड्ड्यात बाबांचे पाय, आणि दारातून येणारा सगळा उजेड त्या मागावर. आमचा वावर त्याच्या कडेकडेने, भिंतीला घासून. मागाचा आवाज सकाळी आमच्या आधी उठायचा. धोटा इकडून तिकडे, मग फणीचा ठोका, परत धोटा. तो आवाज आम्हाला ऐकू यायचा नाही, तो थांबला तरच ऐकू यायचा. बाबा पाणी प्यायला उठले की मागच्या खोलीतून आई विचारायची, काय झालं?

मागच्या खोलीत आईचं काम. जंगलाकडच्या गावांतून कोसे, म्हणजे रानातल्या रेशीमकिड्यांचे कोष, यायचे, सुपारीपेक्षा मोठे, मातकट रंगाचे, हलवले तर आत खुळखुळ वाजणारे. ते ती सोड्याच्या पाण्यात उकळायची. वास असा की शेजारचा पाहुणा नाकाला रुमाल लावायचा. ओला पाला, शिळा भात आणि काहीतरी मेलेलं, असा तिन्हींचा मिळून. आम्हाला तो जेवणाच्या वासासारखाच घरचा होता. मग दार लोटून, लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन ती बसायची. चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून डाव्या मांडीवर तळहाताने वळायची, आणि दुसऱ्या हाताने लाकडी फिरकीवर गुंडाळत जायची. बाजूला तेलाची वाटी, मांडीची कातडी सोलू नये म्हणून. त्या जागी तिची मांडी गुळगुळीत आणि काळपट झाली होती, जसा वापरातला पाटा होतो. ताणा विकतच्या सुताचा असायचा, बाणा मात्र तिच्या मांडीवरचा. प्रत्येक बाईचा पीळ वेगळा पडतो. बाबा म्हणायचे, दहा जणींचं सूत ठेवा, तुझ्या मायचं मी अंधारात हाताने काढून देतो.

जेवायला भात आणि लाखोळीची डाळ, कधी वांगं, पावसाळ्यात धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. वड्या उकडत असल्या की तेवढ्या वेळात आई मला सूत वळायला बसवायची, खराब कोसे देऊन. मी वळलेलं सूत गाठीगाठीचं व्हायचं. ती ते चिमटीत धरून म्हणायची, "हे पाय वं, जसं काई शेवयाच केल्या पोरीनं." आणि हसायची. मला बहीण-भाऊ नव्हतं, त्यामुळे चिडायलाही तीच आणि हसायलाही तीच.

तिला कावीळ झाली. झाडपाला झाला, मग मोठा दवाखाना झाला, मग ती घरी आली ती पांढऱ्या कापडात. त्या वेळी मी सहावीत होते.

सुतकात मागाला हात लावत नाहीत. त्यामुळे घरात पहिल्यांदा मला मागाचा आवाज ऐकू आला, म्हणजे नसलेला. सगळी खोली बायकांनी भरलेली. बाजूच्याच घरात राहणारी मोठीआई, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, सूर लावून रडायची. चांगली बाई होती, हे मुद्दाम सांगते. आठवडाभर आमच्याकडचा भात तिच्याच चुलीवर शिजला. पण माझे डोळे कोरडे आहेत हे पहिल्यांदा तिनेच पाहिलं.

"रड वं माय, रड. मोकळी हो."

मी म्हटलं, "हो." आणि रडले नाही. मला रडायचं नव्हतं असं नाही. मला काहीच होत नव्हतं. सोड्याच्या पाण्यात हात फार वेळ राहिला की बोटं पांढरी पडतात आणि चिमटा घेतला तरी कळत नाही. ते दुखणं नसतं, बरं असणंही नसतं. मी सगळीच्या सगळी तशी झाले होते. लोक बोलायचे ते ऐकू यायचं, भूक लागायची, झोप यायची. कुणी आईचं नाव घेतलं की ते एखाद्या ओळखीच्या बाईचं नाव वाटायचं.

मग बायकांनी उपाय सुरू केले. आईचं हिरवं लुगडं माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मी ते घडीवर घडी घालून पेटीत ठेवलं. शेजारच्या म्हातारीने माझ्या दंडाला चिमटा काढला. मी म्हटलं, "आजी, दुखून राह्यलं," आणि सरकून बसले. "दगडाची हाये वं पोरगी," ती म्हणाली. दुसरी म्हणाली, दगड नाही, आईवर जीवच नसेल. हे दार उघडं असताना म्हटलं होतं, आणि दाराच्या बाहेर बाबा बसले होते. त्यांनी ऐकलं. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. ते जमिनीकडे बघत राहिले. त्या वेळी मला एकच गोष्ट हवी होती, की बाबांनी त्या बाईचं खरं धरू नये. पण ते सांगायला मी रडून दाखवायला हवं होतं, आणि तेच होत नव्हतं.

तेरवीच्या स्वयंपाकाला मोठीआईने युक्ती केली. कांद्याचं भरलेलं टोपलं माझ्यापुढे ठेवलं आणि हातात विळी दिली. आमचे कांदे तिखट. अर्धं टोपलं होईतो माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहू लागलं.

"निघाले वं, निघाले!" मोठीआई ओरडली. बायका धावत आल्या. कुणी मला पोटाशी धरलं, कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं, आता सुटली पोर. चिमटा काढणारी म्हातारी तर माझ्या आधी रडायला लागली. मी त्यांच्या मिठ्यांमधून विळीकडे बघत होते, कारण ती उघडीच पडली होती आणि बाजूला लहान मुलं खेळत होती. दुसऱ्या दिवशी डोळे परत कोरडे. मोठीआईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला फसवलं होतं.

याद्या मी त्याच दिवसांत करायला लागले. भिंतीवर कोळशाने. पाणी, सडा, तांदूळ, डाळ, दिवा. आई काय काय करायची ते आठवून. शाळेतही मी पहिल्यासारखी नीट होते. गुरुजी म्हणाले, वंदना किती समजदार. मी ते ऐकलं आणि पुढचं गणित सोडवलं.

साकोलीत चौथ्या दिवशी चिठ्ठ्या टाकून नाटुकली करायची होती. एकाने मूल व्हायचं, एकाने शिक्षक. माझ्या चिठ्ठीत निघालं, आई गेलेली मुलगी, नेहमीसारखीच वागते. समोर शिक्षक म्हणून मेश्राम सर. त्यांनी शर्ट ओढून नीट केला, खुर्ची जवळ घेतली आणि खरोखर मायेने बोलायला लागले.

"बेटा, तुले मायची आठवन येते का?"

"हो सर."

"मंग रड बेटा. लाजू नोको. मी हाओ ना. मोकळी हो."

"हो सर."

"अगं रड ना."

"सर, मी फळा पुसू का?"

सभागृह हसलं. मेश्राम सरही हसले. पण मी नाटक करत नव्हते. मला खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं. सायली मॅडमनी नाटुकलं थांबवलं आणि विचारलं, "वंदना मॅडम, या मुलीला सरांकडून काय हवं होतं?" मी म्हटलं, सांगता येत नाही. मग का कोण जाणे, मी कांद्याची गोष्ट सांगितली, जशी मुख्याध्यापकांना शाळेतली घटना सांगते तशी, क्रमाने. 'निघाले, निघाले'ला सगळे जोरात हसले आणि मग एकेक करून हसायचे थांबले.

"मग तुम्ही कधी रडलात का?" एका तरुण शिक्षिकेने विचारलं.

"नाही."

"मग काय झालं?"

"मग काही नाही. सातवीत गेले."

नंतर सायली मॅडमनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, कारण ते उपयोगाचं होतं. मुलाला रडायला लावू नका, न रडायलाही लावू नका. आई देवाघरी गेली, झोपली, गावाला गेली असं सांगू नका, मेली हा शब्द वापरा, हळू आवाजात. शाळेचा दिवस नेहमीसारखा ठेवा. त्याने काम अंगावर घेतलं तर काढून घेऊ नका, पण त्या कामात त्याला एकटं सोडू नका. गेलेल्या माणसाचं नाव रोजच्या बोलण्यात येऊ द्या. झोप आणि जेवण बिघडलं, खेळणं पूर्ण बंद झालं, किंवा मूल 'मलाही आईकडे जायचं' म्हणालं, तर थांबू नका, जिल्ह्याच्या दवाखान्यात समुपदेशक असतात तिथे न्या. मेश्राम सरांनी माझ्या वहीतून उतरवून घेतलं आणि पेन परत देताना म्हणाले, "वंदे, आमी डी.एड.ले तुले हेडमास्तरीन म्हनत होतो. कोनाले काय मालूम." मी म्हटलं, चहा थंड होतो आहे तुमचा.

त्या कामात एकटं सोडू नका, या वाक्याखाली मी रेघ मारली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि उरलेलं सगळं आठवलं. ते मी विसरले नव्हते. त्याला काही म्हणतात, एवढंच माहीत नव्हतं.

तेरवी झाली, सुतक फिटलं, तरी बाबा मागावर बसले नाहीत. मागावर अर्धी साडी होती. आईचं वळलेलं सूत संपत आलं होतं, आणि साडी पुरी व्हायला थोडं कमी पडत होतं. दुसऱ्या बाईचं सूत घ्यावं तर पट्टा उठून दिसणार, रंगही जुळणार नाही, कारण कोशांची प्रत्येक खेप वेगळ्या रंगावर जाते. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि हात मांडीवर. घरात आवाज नाही. मोठीआई सांगायची, कापून काढा ते, दुसरा ताणा चढवा. ते मान हलवायचे आणि तसेच बसायचे.

आईने ठेवलेले त्याच खेपेचे कोसे टोपलीत होते. एका दुपारी भिंतीवरची कामं आटोपली आणि मी ते उकळायला ठेवले. मी काही ठरवून केलं असं सांगता यायचं नाही. टोपली रिकामी करायची राहिली होती, म्हणून केली. पाणी उकळलं आणि वास उठला. ओला पाला, शिळा भात, काहीतरी मेलेलं. घर त्या वासाने भरलं. आणि पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, आई गेल्यापासून पहिल्यांदा, आई विचारायची तसा.

"काय झालं?"

मी दार लोटून बसले, परकर वर घेतला आणि वळायला लागले. पहिलं सूत शेवयांसारखंच आलं. मांडीची कातडी मऊ, जरा वेळात लाल झाली, मग चुरचुरायला लागली. ते चुरचुरणं मला कळत होतं. कितीतरी दिवसांत मला कळलेली ती पहिली गोष्ट होती. दार थोडं उघडलं. बाबा आत आले नाहीत. दाराच्या फटीतून एक हात आला, तेलाची वाटी जमिनीवर ठेवली आणि मागे गेला. मग ते दाराच्या पलीकडे, भिंतीला टेकून बसले असावेत, कारण कोसा संपेपर्यंत मला त्यांचं खोकणं तिथूनच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माग चालू होता. त्यांनी माझं सूत कांडीवर भरून घेतलं होतं. मी परत कोसे घेऊन बसले. या वेळी दार लोटलं नाही. ते ठोकत होते, मी वळत होते, मध्ये फक्त चौकट. मोठीआई भाकरी घेऊन आली. तिने माझी मांडी पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि बाबांना विचारलं.

"भाऊजी, पोरगी रडली का नाई अजून?"

धोटा इकडून तिकडे गेला, ठोका पडला. बाबा मागावरून नजर न काढता म्हणाले, "तिचं चालू हाये."

मोठीआईला ते कळलं की नाही, माहीत नाही. पण त्यानंतर तिने विचारलं नाही. मला मात्र एवढं कळलं, की बाहेर बसून ऐकलेलं त्या बाईचं बोलणं बाबांनी खरं धरलेलं नव्हतं.

साडी पुरी झाली. आईचं सूत संपून माझं सुरू झालं तिथे आडवी रेघ स्पष्ट दिसत होती, त्यापुढे कापड जरा जाड, गाठींचं. बाबांनी रेघेवरून बोट फिरवलं, एकदा अलीकडून, एकदा पलीकडून. "चालते," म्हणाले. व्यापाऱ्याने विचारलं, हे काय झालं इथे? बाबा म्हणाले, "थे तसंच हाये." साडी विकली गेली. कुणाच्या अंगावर गेली, कुणी त्या रेघेची तक्रार केली का, मला ठाऊक नाही. तिचा तुकडाही माझ्याकडे नाही. पुढे मी बरंच सूत वळलं, हात बसला, मांडीवर तशीच काळपट जागा झाली. अजून आहे. बधिरपणा त्या दिवशी गेला, असं लिहायला मला आवडलं असतं. तो गेला नाही. मी त्याच्यासोबत राहायला लागले, जसं आम्ही मागाच्या कडेकडेने भिंतीला घासून राहायचो.

शनिवारी सकाळची शाळा. माझी यादी तीच होती, फक्त शेवटच्या ओळीवर मी आडवी रेघ मारली होती. मधल्या सुट्टीच्या आधी सुमनताईंकडून, म्हणजे नवीन खिचडी शिजवणाऱ्या बाईंकडून, मी सुपात सोमवारसाठीचे तांदूळ घेतले आणि स्वयंपाकाच्या खोलीच्या उंबरठ्यावर बसून निवडायला लागले. अर्धी आत, अर्धी बाहेर. मुलांना गंमत वाटली. जान्हवीने ताटं मांडली. रांग सरळ. मग ती उभी राहिली. मी बोलावलं नाही. ती आली आणि बाहेरच्या बाजूने समोर उकिडवी बसून खडे वेचू लागली. तिच्या बाजूला खड्यांचा लहानसा ढीग झाला.

"मॅडम, तुमाले दिसत नाई का? हे सारे खडे तुमीच सोडले."

"चष्मा घरी राहिला."

"माही आई बिना चष्म्याची निवडे." ती वर न बघता म्हणाली. मग थोड्या वेळाने, "सुमनमावशी हळद आधी टाकते. आई शेवटी टाके. आधी टाकली तं करपते म्हने."

"अजून काय म्हणायची?"

"म्हने, तू वाढाले येऊ नोको, तू आपल्या दोस्तायलेच जास्त वाढतेस."

"खरं होतं का ते?"

"हो," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. मग म्हणाली, "तुमच्याच्यानं होत नाई मॅडम, थांबा," आणि उठली, उंबरठा ओलांडून आत गेली, कोपऱ्यातलं दुसरं सूप उचललं आणि घेऊन आली. माझ्या सुपातले अर्धे तांदूळ तिने आपल्याकडे ओढून घेतले. मी तिच्या पायांकडे पाहिलं नाही. सुमनताईंनी पाहिलं, आणि चूल फुंकायला तोंड वळवलं.

फाटकाशी जान्हवीच्या बापाची मोटारसायकल थांबली. आजी पदर सावरत आली. शनिवार होता, त्यांना भगताकडे लवकर निघायचं होतं. तिने नातीला पाहिलं, आतल्या चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, रडली का जी?"

जान्हवीची बोटं थांबली नाहीत, पण तिची मान ऐकत होती. मला काय वाटलं ते सांगायचं तर काही नाही. हात तांदळात होते आणि तांदूळ गार होते.

"नाही, आजी," मी म्हटलं. "तिचं चालू आहे."

"मंग मी काय करू?"

"बसा."

आजी उभीच राहिली. फाटकातून हॉर्न वाजला. परत वाजला. तिने खाली पाहिलं, नातीच्या सुपात. मग वाकून एक खडा वेचला, बोटात धरून पाहिला, बाहेर फेकला, आणि गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसली. तिसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा मान न वळवता तिने पोराला आवाज दिला.

"जाय रे तू. आज नाई येत आमी. पोरगी कामात हाये."